तिसरं पेडल

सगळं जग जिने सोडून लिफ्टने वर जायला लागलं असताना आमच्या घराने लिफ्ट उपटून त्या जागी जिना बसवला, असं कोणी म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढी दुरुस्ती सुचवीन, की लिफ्ट धड चालत नव्हती, दुसऱ्या मजल्यावर अडकत होती. झालं ते असं, की सासऱ्यांच्या ऑटोमॅटिक मोटारीतला गिअरबॉक्स काढून आम्ही तिथे हाताने गिअर टाकायचा गिअरबॉक्स बसवून घेतला. ही हकिगत बँकेत सांगितली तेव्हा आमचे हेडकॅशियर, जे नोटा मोजताना अंगावर पाल पडली तरी मान वर करत नाहीत, त्यांनी मान वर केली. "लोक उलटं करतात हो," असं म्हणाले आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून मोजायला लागले.

गाडी 1998 सालची मारुती झेन. इंजिन 993 सीसी, गिअर तीन, आणि तेही गाडीचे गाडीच टाकणार. आप्पा, म्हणजे आमचे सासरे, त्याच वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशांतून त्यांनी ती घेतली. त्या काळी बँका मुदत ठेवीवर अकरा-बारा टक्के व्याज देत होत्या. मी तेव्हा त्यांचा जावई नव्हतो, कॉलेजात होतो. नाहीतर कॉमर्सच्या विद्यार्थ्याला शोभेल असा चक्रवाढ व्याजाचा तक्ता करून त्यांच्यापुढे ठेवला असता आणि आज आमच्या घरी गाडी नसती, तक्ता असता.

ऑटोमॅटिकच का, तर आप्पांचा डावा पाय. एका स्वातंत्र्यदिनी शाळेच्या गच्चीवर झेंडा फडकवून उतरताना ते जिन्यावरून पडले आणि तेव्हापासून तो गुडघा वाकेनासा झाला. मॅन्युअल मोटारीत डाव्या पायाला क्लचची नोकरी असते, पुण्यात तर ओव्हरटाइमसकट. ऑटोमॅटिकमध्ये पेडलं दोनच, दोन्ही उजव्या पायाची. डावा पाय आपला पेन्शनरासारखा बाजूला बसून राहतो. तोवर सायकलीपलीकडे काही न चालवलेला माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटार शिकला आणि पुढची बावीस-तेवीस वर्षं तिच्यातून पंढरपूर, गणपतीपुळे आणि दर मंगळवारी भाजी आणीत राहिला.

हे ऑटोमॅटिक प्रकरण आहे तरी काय, हे मला मिस्त्रींनी समजावलं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवायचे. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. वाऱ्याऐवजी तेल घातलं, दोन्ही पंखे एका डब्यात बंद केले आणि मध्ये तेल वळवणारी आणखी काही पाती बसवली, की झाला टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि चाकं यांची प्रत्यक्ष गाठ नाही, सगळा व्यवहार तेलामार्फत. मला हे लगेच पटलं. आमच्या बँकेतही मॅनेजर आणि काउंटर यांच्यामध्ये असंच एक तेल असतं, त्याला आम्ही हेडक्लार्क म्हणतो. त्याच्यामुळे धक्के बसत नाहीत, पण बरीच शक्ती मधल्यामध्ये उष्णता होऊन जाते. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रामॅटिक नावाचा गिअरबॉक्स दिला आणि क्लचचं पेडल काढून टाकलं. तिथे लोकांना त्याची इतकी सवय झाली, की क्लचच्या गाडीत बसवल्यास पुष्कळांना घाम फुटतो. म्हणजे चोरांनासुद्धा.

तर अशा या गाडीचा गिअरबॉक्स पंचविशी उलटल्यावर थकला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र विचार करत उभी राहायची. पहिल्यातून दुसऱ्यात जायची, पण तिसऱ्यात जायचं म्हटलं की तिचं मन लागेना. मिस्त्रींनी आतली तेलाची पट्टी काढून माझ्या नाकाखाली धरली. हे तेल लाल असतं म्हणे. आमचं काळं झालं होतं आणि त्याला जळक्या पोळीचा वास येत होता. आतल्या चकत्यांचं अस्तर जळून तेलात उतरलं होतं.

"साहेब, उघडायला लागेल," मिस्त्री म्हणाले. "आतला माल मिळाला तर नशीब. ऑटोमॅटिक झेन मुळात निघाल्या कमी, त्यातल्या राहिल्या किती? जुना बॉक्स आणून टाकला तर तोही हिच्याच वयाचा. त्यापेक्षा मॅन्युअल घाला. पाच गिअर. कुर्ल्याच्या भंगारात पायलीला पन्नास."

तीनाच्या जागी पाच म्हटल्यावर माझ्यातला हिशेबनीस खूश झाला. नाशिकचा मेहुणा तर फोनवरच उड्या मारायला लागला, कारण मॅन्युअलमध्ये 'मजा' असते. फक्त सौ. काही बोलेना. भांडी घासणाऱ्या बाईंनी सकाळीच घासून ठेवलेला कुकर तिने पुन्हा घासायला घेतला, तेव्हा मी समजलो.

गोष्ट उघड होती आणि कोणी उच्चारत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पांनी तीन वर्षं गाडी चालवली नव्हती. पण किल्ली त्यांच्या खिशात असे. गाडी न्यायची तर मी त्यांच्याकडून किल्ली मागून घ्यायची आणि परत आल्यावर परत द्यायची, लॉकरच्या किल्लीसारखी. ते चालवत नव्हते, पण चालवू शकत होते, आणि या दोन वाक्यांत पंच्याऐंशीव्या वर्षी फार अंतर असतं. तिसरं पेडल बसलं की ते अंतर संपणार होतं.

मी दोन दिवस शब्दांची जुळवाजुळव केली. खातेदाराला कर्ज नामंजूर झाल्याचं सांगताना वापरतो ती सगळी वाक्यं मनात घोळवून पाहिली, एकही बसेना. तिसऱ्या दिवशी आप्पांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, "क्लच किती दिवसांत बसतो हो?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

"नाशिकहून फोन आला होता. आमच्या चिरंजीवांना हळू बोलता येत नाही." मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "बसवून टाका. मी चालवीत नाही म्हणून तिनंही उभं राहायचं, हा कुठला न्याय?" आणि खिशातून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. सौ. आत गेली. कुकर तिसऱ्यांदा घासला गेला.

आता कायदा. मिस्त्रींचं मत होतं, की गिअरबॉक्स बाहेरून दिसत नाही, तेव्हा कायद्याला कशाला त्रास द्या. पण मी पडलो बँकेतला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 काढून वाचलं. कारखान्याने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करायचा नाही, असा त्याचा मथितार्थ, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली तो आणखी घट्ट करून सांगितलेला. मी चार परिच्छेदांचा अर्ज केला : गाडी तीच, मॉडेल तेच, इंजिन तेच, आणि प्रस्तावित गिअरबॉक्सही याच कारखान्याने याच मॉडेलला दिलेला आहे. खिडकीतल्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. गाडीच्या पुस्तकात रंग आहे, वजन आहे, सिलिंडर किती ते आहे, पण गिअरांचा रकानाच नाही. "नोंद करायची तरी कुठे?" ते हताशपणे म्हणाले. रकाना नसल्याचं दुःख कारकुनाचं कारकुनालाच कळतं. आम्ही दोघं क्षणभर गप्प उभे राहिलो. पुढे साहेबांनी शेरा मारला, परवानगी मिळाली. प्रत्यक्ष काम सहा दिवसांचं, परवानगी सात आठवड्यांची. विमा कंपनीलाही पत्र टाकलं. पोच आली.

काम नाना पेठेतल्या एका बोळात झालं. मी रजा घेऊन स्टुलावर बसलो होतो. माझी समजूत अशी, की एक डबा काढायचा नि दुसरा घालायचा. छे! ऑटोमॅटिकच्या इंजिनामागे पत्र्याची पातळ तबकडी असते, ती काढून तिथे जड फ्लायव्हील. त्यावर क्लचप्लेट, प्रेशरप्लेट आणि बेअरिंग. हे तीन मात्र नवेच घ्यायचे, कारण ते बदलायचे म्हणजे पुन्हा सगळा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. ब्रेकचं पेडल ऑटोमॅटिकला चांगलं पाटासारखं रुंद असतं. ते काढून, एका अपघातात गेलेल्या झेनमधली पेडलांची जोडी आणली. क्लचची केबल जायला इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडलं. ॲक्सल जुळवले. दांडा बदलला.

सगळं बसलं. किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. 'टक्'सुद्धा नाही.

मिस्त्री हसले. ऑटोमॅटिक गाडीचा दांडा 'पी'वर किंवा 'एन'वर असल्याशिवाय स्टार्टरला वीजच मिळत नाही. सुरू होताच चालती होऊ नये म्हणून ही खबरदारी. आमच्या गाडीतला तो दांडा भंगारात पडला होता, आणि गाडी मात्र त्याची वाट बघत होती. हे ऐकून मला उगीचच घशाशी आलं. मिस्त्रींनी दोन तारा शोधून एकमेकींना जोडल्या, रिव्हर्सच्या दिव्याची निराळी जोडणी केली आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. शेवटी एक बोल्ट आणि दोन वायसर उरले. मी विचारलं, हे कुठले? मिस्त्री म्हणाले, "उरतातच." आमच्याकडे अशा गोष्टींसाठी सस्पेन्स खातं असतं, तेव्हा मी जास्त ताणलं नाही. एकूण खर्च सव्वीस हजार चारशे, पावतीसकट. जुन्या दांड्याची मूठ आणि पी-आर-एन-डीची पट्टी मी मागून घेतली. ती आप्पांच्या टेबलावर आहे. तिच्याखाली ते लाइटबिलं ठेवतात.

पहिल्या रविवारी पहाटे आप्पा आणि मी खडकवासल्याला निघालो. आप्पा डावीकडे बसले, पाय लांब करून. गल्लीतून बाहेर पडलो तोच ते म्हणाले, "आता." मी दुसरा टाकला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. सिंहगड रस्त्याला लागून थोडा वेग आला, मी क्लचकडे पाय नेणार तेवढ्यात पुन्हा, "आता." तिसरा. हा माणूस जन्मात कधी गिअरला हात न लावलेला! पण पंचवीस वर्षं त्या इंजिनाचा आवाज ऐकत बसलेला. गाडी स्वतः कुठे गिअर बदलायची ते त्यांच्या कानात पक्कं होतं, आणि सिग्नलमागून सिग्नल, दर वेळी अगदी तिथेच 'आता' येत होतं. मी नुसता दांडा हलवीत होतो.

नांदेड फाट्यापुढे रस्ता मोकळा झाला. इंजिन वरच्या गिअरसाठी कुरकुरायला लागलं. मी वाट पाहिली. आप्पा समोर बघत गप्प. मी आणखी थोडा वेग दिला. तरी गप्प. मग लक्षात आलं, की त्यांच्या गाडीला चौथा गिअर नव्हताच.

"आप्पा, आता?" मी विचारलं.

त्यांनी काच थोडी खाली केली.

"आता तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले.