तवंदीचा घाट आणि इंदिराबाई

कोल्हापूर, कागल मागे टाकून वेदगंगा ओलांडली की निपाणी येते. तंबाखूचं गाव. पुढे लगेच तवंदीचा घाट. छोटासाच आहे, मागे बसलेल्या मुलांची मान मोबाईलमधून वर व्हायच्या आत संपतो. याच तवंदीत कवयित्री इंदिरा संत (१९१४–२०००) यांचं बालपण गेलं.

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या माळावर हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या ब्राँटे भगिनींनी १८४६ साली पदरचे पैसे घालून, पुरुषी टोपणनावांनी कवितांचं पुस्तक काढलं. वर्षभरात दोन प्रती खपल्या! आज त्यांचं घर संग्रहालय आहे आणि जगभरातून माणसं तो माळ बघायला येतात. तवंदीच्या माळावर मुद्दाम कोण उतरतं? आम्हीसुद्धा कित्येक वर्षं फक्त टोलचा हिशेब करत गेलो.

इंदिराबाई आणि त्यांचे पती ना. मा. संत यांचा 'सहवास' हा एकत्र संग्रह १९४० साली आला. १९४६ मध्ये पती गेले. टेनिसनने मित्र हॅलम गेल्यावर सतरा वर्षं कविता लिहिल्या, मग त्या १८५० मध्ये पुस्तकरूपाने आल्या. विधवा व्हिक्टोरिया राणीलाही त्यांचा आधार वाटला. इंदिराबाईंना तेवढी सवड कुठली? बेळगावात शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजातली नोकरी, मुलं, संसार, आणि त्यातूनच 'शेला' (१९५१), 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७). त्यांचं दुःख मला टेनिसनपेक्षा जवळचं वाटतं. ते देवाशी वाद घालत नाही, घरातच वावरतं.

त्याच १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढे १९५६ मध्ये बेळगाव-निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. घरोघरी त्यावर वाद झाले, अजूनही होतात. मला मात्र इंदिराबाईंच्या कवितेत सीमेपेक्षा पाऊसच जास्त भेटतो. १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना 'गर्भरेशीम'साठी मिळाला.

मुलांना एकदम कविता जड वाटेल. त्यांना आधी इंदिराबाईंचे चिरंजीव प्रकाश संत यांचा लंपन द्या. २०२४ मध्ये त्याच्यावर वेबमालिकाही आली, पण 'वनवास' मोठ्याने वाचण्यात वेगळीच गंमत आहे. कानडी हेल असलेलं ते मराठी आमच्या आजीच्या बोलण्याइतकं ओळखीचं आहे. गाडीत एक गोष्ट वाचायला घेतली, तर निपाणी ते बेळगाव सहज पुरते.