अब्बांनी घर विकले

चिपळूणला आमचे जुने घर होते. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, पुढे लहानसा ओटा आणि मागे विहीर. अब्बा पोस्टातून निवृत्त झाले होते. माझी नोकरी रत्नागिरीला. दोन ठिकाणचा संसार परवडेना, म्हणून 2023 मध्ये ते घर विकायचे ठरले.

मध्ये दलाल घ्यायचा नाही, हे अब्बांनी आधीच सांगून टाकले. दलालीचे पैसे वाचणार होतेच, पण "घराबद्दल मला जे ठाऊक आहे, ते दलालाला काय ठाऊक?" असेही ते म्हणत.

अब्बांना ठाऊक होते ते थोडेथोडके नव्हते. 2005 च्या जुलैमध्ये पुराचे पाणी घरात शिरले, ते खिडकीपर्यंत चढले. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीला महापूर आला, तेव्हा तर दाराची चौकटही बुडाली. अब्बा-अम्मींनी तो दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढला. त्या पुरानंतर मागची भिंत खचली. ती पाडून, नवा पाया घालून पुन्हा बांधली. स्वयंपाकघराच्या दाराला वाळवी लागली होती, ते दारही बदलले.

एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला, "आधी घराला रंग द्या, मग दाखवा." अब्बांनी रंग दिला, पण बैठकीच्या खोलीतल्या एका कोपऱ्यात पुराची मातकट रेघ तशीच ठेवली.

अम्मीला हे मुळीच पटले नाही. "पूर काय आपल्याच घरात आला होता? साऱ्या बाजारपेठेत आला. मग आपणच आपल्या घराची बदनामी का करायची?" तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. चिपळूणचा पूर कोणाला ठाऊक नाही? पण या घरात पाणी कुठवर चढले, हे बाहेरच्या माणसाला कसे कळणार?

आमचे मामू वकील आहेत. त्यांनी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातले कलम 55 मला समजावून सांगितले. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि नेहमीची काळजी घेऊन पाहिले तरी न सापडणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो लपवला तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो.

माझी अडचण होती ती भिंतीची. भिंत तर आता पक्की झाली होती. जो दोष उरलाच नाही, तो कशाला सांगायचा? मी अब्बांना तसे विचारले. त्यांनी पत्र्याची पेटी उघडून पावत्या पुढे ठेवल्या. "भिंतीवर इतका खर्च केला हे सांगायचे, तर का केला हेही सांगावे लागेल. शिवाय उद्या त्या माणसाने तिथे खड्डा खणला, तर खालची माती भुसभुशीत आहे हे त्याला कोण सांगणार?"

घर पाहायला तिघे आले. पहिल्याने रेघ पाहिली आणि चहा अर्धा ठेवून तो उठला. दुसऱ्याने एकेक दोष मोजत 3 लाख कमी करायला सांगितले. मला त्याचा राग आला. अब्बांना मात्र आला नाही. दोष ऐकल्यावर माणूस भाव पाडणारच, असे ते म्हणाले.

तिसरे एसटीचे वाहक होते. सोबत त्यांची पत्नी होती आणि सगळे प्रश्न त्यांचेच होते. "काका, पाणी चढायला किती वेळ लागला? विहीर किती वेळा उपसावी लागली? विजेचा मीटर कुठे होता?" अब्बांनी त्यांना घरभर फिरवून सारे दाखवले. शेवटी मागितल्यापेक्षा दीड लाखाने कमी किमतीत सौदा ठरला. त्या रात्री अम्मी फारसे बोलली नाही. दीड लाख ही आमच्या घरात लहान रक्कम नव्हे.

साठेखतात मामूंनी एक परिच्छेद घातला. दोन्ही पुरांची वर्षे, पाण्याची उंची, भिंत, वाळवी, सारे त्यात आले. पावत्यांच्या प्रती जोडल्या आणि दोन्ही बाजूंनी सह्या केल्या.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री त्या बाईंचा फोन आला. "काका, नदी वाढते आहे म्हणतात. पाणी आधी कुठून येते?"

"मागच्या गल्लीतून," अब्बा म्हणाले. "पुढचा ओटा कोरडा दिसला तरी थांबू नका. सामान आताच वर चढवा."