मामांची जीप आणि हरवलेला रोलर

दोस्तांनो, तुमच्या खोलीत भिंतीवर एखाद्या लालचुटूक स्पोर्ट्‌स कारचं चित्र आहे का? माझ्या खोलीत होतं. परदेशात लोक अशा जुन्या गाड्यांचं इंजिन आणि गिअरबॉक्स उघडून पुन्हा नवं करतात, हेही मी वाचलं होतं. पण आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे स्पोर्ट्‌स कार कुठली यायला! आमची शान म्हणजे जीप. अशीच एक जीप मी आतून-बाहेरून पाहिलीय. तिच्यापायी एक आख्खी दुपार माझ्या पोटात गोळा आला होता, तीच गोष्ट सांगतो.

१९९४ चा एप्रिल. सहावीची परीक्षा संपली आणि मी मूलला मामांकडे गेलो. मूल म्हणजे चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना वाटेत लागतं ते गाव. अंगणात कडुनिंबाखाली जीप उभी, पण तिचं बॉनेट भिंतीला टेकवलेलं! शेजारी मिस्त्रीकाका विडी ओढत बसलेले.

ही जीप मामांनी सरकारी लिलावात घेतली होती. तिचा मूळ अवतार अमेरिकेतला, दुसऱ्या महायुद्धातला. विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी तेव्हा सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर मुंबईत महिंद्रा कंपनीनं त्या जोडायला सुरुवात केली. मामांची जीप पुढच्या काळातली, उंच बॉनेटची. बॉनेट उंच का? तर इंजिनच उंच! त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये.

तर या जीपला दोन दुखणी होती. मागून निळा धूर यायचा, आणि दुसरा गिअर आपोआप सुटायचा. मामा वैतागले होते, कारण मे महिना तोंडावर आलेला. मे म्हणजे तेंदूपत्ता! माणसं पहाटे जंगलात जाऊन पानं तोडतात, घरी ७० पानांचा एकेक पुडा बांधतात आणि फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन देतात. या फळ्यांवर फिरायला ठेकेदार मामांची जीप भाड्यानं घ्यायचा. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. तेवढ्या भाड्यावर मामांचं वर्षाचं बरंच काही अवलंबून असायचं.

इंजिन बाहेर काढलं ते निंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधून. ते हवेत डुलायला लागलं तेव्हा मामी घरातून ओरडल्या, "अहो, फांदी तुटंल नं!" पण नाही तुटली.

हेड उघडल्यावर काका म्हणाले, "बाबू, बोट घाल इथं." मी सिलिंडरमध्ये वरून नख फिरवलं. वरच्या बाजूला चक्क एक कंगोरा लागला! पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत जातात तिथपर्यंत लोखंड झिजलेलं, त्याच्या वरचं तसंच राहिलेलं. एवढी झीज का? काकांनी एअर फिल्टर दाखवला. त्याच्या तळाशी तेल असतं, त्यात धूळ अडकते. इथं तेल कधीच आटून गेलं होतं आणि रस्त्यावरची धूळ सरळ इंजिनात जात होती. पॉलिश पेपरनं घासल्यासारखंच की ते! मग फटीतून तेल वर चढणार आणि पेट्रोलबरोबर जळणार. निळा धूर तो हाच.

ब्लॉक मेटॅडोरमधून चंद्रपूरला लेथवर गेला. बोअर मोठं करून आणलं, त्या मापाचे पिस्टन आले. तोवर मला काम मिळालं व्हॉल्व्ह घासायचं. व्हॉल्व्हला पेस्ट लावायची, काठीचं रबर चिकटवायचं आणि ताक घुसळतो तशी काठी दोन्ही तळहातांत फिरवायची. मग वर रॉकेल ओतून बघायचं. खाली थेंब गळला तर पुन्हा घासा! माझ्या हातांना फोड आले, पण काय रुबाब वाटत होता!

या रुबाबातच घात झाला. गिअरबॉक्स उघडला तेव्हा त्यातले दाभणाच्या टोकाएवढे सुटे रोलर काकांनी एका वाटीत ठेवले. "मोजून ठेव. यातला एक जरी दात्यात गेला नं, तर गिअरचा चुराडा." मी मोजले. जेवून आलो, पुन्हा मोजले. एक कमी! चार वेळा मोजले, तरी एक कमीच.

सांगू की नको? मामा ओट्यावर हिशेब करत बसले होते. मी दुपारभर गप्प राहिलो. काका ग्रीस घेऊन रोलर बसवायला आले, तेव्हा मात्र मला राहवेना. "काका, एक हरवला." ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग जुन्या लाउडस्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून माझ्या हातात दिला. "शोध."

दोन तास मी अंगण नांगरलं! खिळे सापडले, एक वायसर सापडला, मामींची हरवलेली सुई सापडली. रोलर नाही. शेवटी रडकुंडीला येऊन खाली बसलो आणि चप्पल काढली, तर तळव्याला ग्रीसचा गोळा आणि त्यात तो! काकांनी तो रॉकेलमध्ये धुतला, उजेडात धरून निरखला आणि बसवला. एक शब्द बोलले नाहीत.

सगळं जोडलं. काकांनी हँडल मारलं (अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा हं, नाहीतर उलटा झटका हात मोडतो). जीप खोकली. कार्बोरेटरमधून फाट्‌दिशी जाळ आला. पुन्हा हँडल, पुन्हा फाट्! मामांचा चेहरा उतरला.

काका बराच वेळ डोकं धरून बसले. मग उठून म्हणाले, "माझंच चुकलं, भाऊ." पिस्टन चार टप्प्यांत दोनदा वर येतो. एकदा हवा-पेट्रोल दाबून, एकदा धूर बाहेर ढकलून. ठिणगी हवी पहिल्या वेळी. काकांनी डिस्ट्रिब्यूटर फिरवणारा ऑइल पंप दुसऱ्या वेळेला धरून बसवला होता, म्हणून ठिणगी भलत्याच क्षणी पडत होती.

"वायरींची अदलाबदल केली तर नाही का चालणार?" मामांनी विचारलं.

"चालंल. पण उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं उघडली तर तो फसंल." काकांनी पंप उतरवून परत बसवला. अंधार पडला होता, मी कंदील धरून उभा होतो. तिसऱ्या हँडलला जीप सुरू झाली! निळा धूर नाही, काही नाही.

पहिले पाचशे किलोमीटर मामांनी तिला हळूच चालवली. मग काकांनी गिअरबॉक्सचं तेल एका पसरट भांड्यात काढलं आणि तो लोहचुंबक त्यात बुडवला. मी श्वास रोखून बघत होतो. चुंबक वर आला. नुसतं तेल निथळत होतं.