माजघरातलं खोटं

२०१५ साली झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ लागायची, तेव्हा मी ती आईबाबांसोबत जेवता जेवता बघायचे. कैवल्य आणि आशू काहीतरी येडपटपणा करणार, सुजय वैतागणार, आपण हसणार. बस.

गेल्या वर्षी ठाण्यात तीन मुलींसोबत भाड्याने राहत असताना माझी नोकरी गेली. घरी सांगितलं नाही. रोज रात्री आईला फोनवर “हो गं, आज फार काम होतं” म्हणायचे आणि मग इअरफोन घालून जुने एपिसोड लावायचे. तेव्हा पहिल्यांदा रेश्मा नीट दिसली. लग्न करून मुंबईत आलेली, संसार मोडलेला, आणि माहेरी मात्र सगळं छान चाललंय. माजघरातल्या बाकी पाच जणांना ते ठाऊक असतं. तरी कोणी तिला कोपऱ्यात घेत नाही. आशूला तर भूकच लागलेली असते.

मालिकेतली भांडणं जरा गोडच आहेत म्हणा. आमच्याकडे गिझरवरून दोन दिवस अबोला होता. पण एका रात्री शेजारच्या बेडवरून आवाज आला, “तू हल्ली ऑफिसला जात नाहीस ना? या महिन्याचं भाडं मी भरते. आणि ते इअरफोन काढ, मलाही ऐकू दे.”