शक्तीचा हिशेब : पीळ आणि फेरे

पेढीवर वाढलेल्या मुलाला नफ्याचे दोन मार्ग कोणी वेगळे शिकवावे लागत नाहीत. सराफाकडे दिवसभरात मोजकीच गिऱ्हाइके येतात, पण एकेका व्यवहारात सुटणारी रक्कम मोठी असते. भुसार बाजारातील घाऊक व्यापाऱ्याला पोत्यामागे थोडेच रुपये सुटतात, मात्र त्याच्या गोदामातून ट्रकमागून ट्रक निघत असतात. संध्याकाळी दोघांच्या वह्या शेजारी मांडल्या, तर तळाचा आकडा सारखाच निघू शकतो. नफा हा शेवटी गुणाकार आहे : दर व्यवहारातील मार्जिन गुणिले व्यवहारांची संख्या.

वेगवान स्पोर्ट्‌स मोटारींच्या जगात अनेक दशके चाललेला एक वाद याच गुणाकाराचा आहे. एक पक्ष म्हणतो, इंजिन असे हवे की कमी फेऱ्यांवरच त्याने मोटार जोराने ओढावी. दुसऱ्या पक्षाला इंजिन लहान असले तरी चालते. मात्र ते मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेत गर्जत वर चढले पाहिजे. व्यापारी घरांतील तरुण मुलेही आता हा वाद हिरिरीने घालतात आणि वडीलधाऱ्यांना तो निव्वळ हौसेचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातील हिशेब जमाखर्च जाणणाऱ्या कोणालाही समजण्याजोगा आहे. आणि घरात अशी महागडी मोटार येणार असेल, तर तो समजून घेणे गरजेचेही आहे.

टॉर्क म्हणजे पीळ. चाक बदलताना पान्याने नट सैल करायचा असतो, तेव्हा हाताने जो जोर लावावा लागतो तो हाच. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचे वजन टांगले, तर सुमारे १०० न्यूटन-मीटर टॉर्क होतो. यात वेळेचा विचार नाही. नट हलला नाही तरी पीळ असतोच, काम मात्र शून्य होते. ठरावीक वेळात किती काम झाले हे शक्ती सांगते. अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने अठराव्या शतकात रूढ केले, त्यामागचा हेतूही व्यापारी होता : आपले वाफेचे इंजिन किती घोड्यांची जागा घेईल, हे गिऱ्हाइकाला सांगता यावे. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम ही त्याने मानलेली एका घोड्याची मजुरी. इंजिनाची शक्ती काढायची, तर टॉर्कला फेऱ्यांनी गुणावे लागते. न्यूटन-मीटर गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ९,५४९, म्हणजे किलोवॉट. टॉर्क हे मार्जिन, फेरे ही उलाढाल आणि शक्ती हा नफा, असे म्हटले तरी गणित चुकत नाही.

या दोन मार्गांची दोन ठळक उदाहरणे एकाच काळात रस्त्यावर होती. १९९७च्या मॉडेलपासून आलेल्या अमेरिकन शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीत ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन होते. कमाल टॉर्क सुमारे ४७५ न्यूटन-मीटर, तोही ४,४०० फेऱ्यांवर. शक्ती ३४५ अश्वशक्ती, ५,६०० फेऱ्यांवर. रचना जुन्या पठडीची : एकच कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा. १९९९ मध्ये जपानच्या होंडा कंपनीने एस २००० ही दोन आसनांची उघडी मोटार आणली. तिचे इंजिन अवघे दोन लिटरचे, चार सिलिंडरचे. जपानी आवृत्तीत कमाल टॉर्क २१८ न्यूटन-मीटर, म्हणजे कॉर्व्हेटच्या निम्म्याहूनही कमी. आणि तो मिळे ७,५०० फेऱ्यांवर. शक्ती मात्र ८,३०० फेऱ्यांवर २५० पीएस. फेऱ्यांच्या काट्यावरची लाल रेघ ९,००० वर होती. मार्जिन तुटपुंजे, पण उलाढाल प्रचंड.

दोन देशांनी दोन वाटा धरल्या, त्यामागे केवळ आवडनिवड नव्हती. करांचाही हात होता. जपानमध्ये मोटारीचा वार्षिक कर इंजिनाच्या घनफळावर, ५०० सीसीच्या टप्प्यांनी चढत जातो. तेथील अभियंत्याला दोन लिटरची मर्यादा ओलांडणे ग्राहकाच्या खिशाला भारी पडते. म्हणून तेवढ्याच घनफळातून अधिक काम काढायचे, तर फेरे वाढवणे हा एक उपाय. अमेरिकेत घनफळावर असा भार नव्हता आणि पेट्रोलही तुलनेने स्वस्त होते. म्हणून इंजिन मोठे करणे सोपे पडले. भारतातही लहान पेट्रोल मोटारीची करापुरती व्याख्या १,२०० सीसी आणि चार मीटर लांबी अशी झाल्यावर त्याच मापाच्या मोटारी बाजारात दाटल्या, हे सर्वांसमोर आहे. कराचा तक्ता वाचला की इंजिनाचा आराखडा अर्धा समजतो.

मोठ्या घनफळात टॉर्क का अधिक, याचे उत्तर साधे आहे. एका वेळी जितकी हवा आणि इंधन आत जाईल, तितका पिस्टनला धक्का मोठा. लहान इंजिनाला हा धक्का लहान मिळतो, म्हणून ते धक्क्यांची संख्या वाढवते. त्याची किंमत धातूला मोजावी लागते. फेरे दुप्पट झाले, की पिस्टनच्या पुढे-मागे होण्यातून पडणारा ताण चौपट होतो. एस २०००च्या इंजिनात पिस्टनची धाव ८४ मिलिमीटर होती. ९,००० फेऱ्यांवर त्याची सरासरी गती सेकंदाला २५ मीटर भरते. रस्त्यावरच्या मोटारीसाठी ही फार मोठी मागणी आहे. शिवाय इतक्या घाईत श्वास घ्यायला झडपा जास्त वेळ उघड्या राहाव्या लागतात आणि तीच रचना कमी फेऱ्यांवर गैरसोयीची ठरते. होंडाने १९८९ पासून व्हीटेक या यंत्रणेने यावर तोडगा काढला होता : कमी फेऱ्यांसाठी कॅमचा एक आकार, जास्त फेऱ्यांसाठी दुसरा. एस २०००मध्ये हा बदल सहा हजारांच्या सुमारास होई, आणि तेथून पुढे मोटारीचा स्वभावच पालटे.

आता वादाचा मुख्य मुद्दा. टॉर्कचे पुरस्कर्ते म्हणतात की मोटार टॉर्कनेच पळते. शक्ती हा केवळ कागदावरचा आकडा. हे अर्धसत्य आहे, कारण इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गिअरबॉक्स बसलेला असतो. गिअरबॉक्सचे काम नोटेचे सुटे करून देण्यासारखे आहे. तो फेरे घेतो आणि त्यांच्या बदल्यात पीळ देतो. एकूण मूल्य वाढवू शकत नाही, उलट घर्षणाच्या रूपाने थोडी कसर कापून घेतो. समजा, एका इंजिनाचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर आहे आणि ते ८,००० फेऱ्यांवर चालले आहे. दुसऱ्याचा ४०० आहे आणि ते ४,००० फेऱ्यांवर आहे. दोघांची शक्ती सारखीच, सुमारे २२८ पीएस. रस्त्यावरचा वेग एकच असेल, तर पहिल्या मोटारीला दुप्पट घट करणारा गिअर लावता येतो, आणि चाकाशी पोहोचणारा पीळ दोन्हीकडे तंतोतंत सारखा होतो. चाकाला इंजिनाचे कुळ कळत नाही.

शर्यतींनीही हाच निर्वाळा दिला आहे. २००६ साली फॉर्म्युला वनमध्ये २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिने मिनिटाला २०,००० फेऱ्यांच्या आसपास फिरत होती. त्याच वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत ऑडीच्या आर १० या डिझेल मोटारीने जिंकली, ५.५ लिटरचे बारा सिलिंडरचे ते इंजिन १,१०० न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क देई आणि त्याचे काम ५,००० फेऱ्यांच्या आतच आटोपे. डिझेल मोटारीने ती शर्यत जिंकण्याची ही पहिलीच वेळ. दोन्ही मार्ग आपापल्या मैदानात शिखरावर पोहोचले.

मग फरक कशात आहे? फरक आहे तो ताकद केव्हा मिळते आणि तिच्यासाठी चालकाला काय करावे लागते, यात. वरच्याच दोन इंजिनांचा टॉर्क खालीही तेवढाच राहतो असे हिशेबापुरते धरू. २,५०० फेऱ्यांवर, म्हणजे बहुतेक माणसे रोज जेथे गाडी चालवतात तेथे, पहिले इंजिन सुमारे ७१ पीएस देते, दुसरे १४२. पहिल्याकडून तेवढीच शक्ती हवी असेल, तर गिअर उतरवून त्याला ५,००० फेऱ्यांवर न्यावे लागते. ते होऊ शकते. पण हात, पाय आणि कान तिघांनी तत्पर राहायला हवे. ज्याला हे कसब आवडते त्याला त्यात आनंद मिळतो. कामावरून दमून परतणाऱ्याला ती कटकट वाटते. कॉर्व्हेटच्या सहाव्या गिअरचे गुणोत्तर ०.५० होते, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात पुढचा दांडा दोनदा फिरे. लांबच्या महामार्गावर एवढे मोठे इंजिन संथपणे गुणगुणत राही.

बँकेच्या व्यवहारातील एक भेद येथे उपयोगी पडतो. ३१ मार्चची शिल्लक वेगळी आणि वर्षभराची सरासरी शिल्लक वेगळी. कमाल अश्वशक्ती ही ३१ मार्चची शिल्लक आहे : खरी असते, पण एका क्षणाची. तळापासून वरपर्यंत टॉर्कची रेघ कशी धावते, ती वर्षभराची सरासरी. अमेरिकन ग्राहकाने होंडालाही हाच भेद दाखवून दिला असावा. २००४च्या मॉडेलपासून अमेरिकेतील एस २०००चे इंजिन २.२ लिटरचे झाले. पिस्टनची धाव ८४ वरून ९०.७ मिलिमीटरवर गेली, टॉर्क थोडा वाढला आणि आधीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळू लागला. लाल रेघ सुमारे हजार फेरे खाली आली. कमाल शक्ती २४० अश्वशक्ती होती तेवढीच राहिली. वर्षअखेरचा आकडा तोच, सरासरी मात्र सुधारली.

पुढे टर्बोचार्जरने हा वाद बराचसा निवळवला. २०१५ मध्ये पोर्शेने ९११ कॅरेराला तीन लिटरचे टर्बो इंजिन दिले. ४५० न्यूटन-मीटर टॉर्क १,७०० पासून ५,००० फेऱ्यांपर्यंत सपाट मिळू लागला. आधीच्या टर्बोविरहित ३.४ लिटर इंजिनात ३९० न्यूटन-मीटरसाठी ५,६०० फेरे गाठावे लागत. विजेच्या मोटारीत तर पूर्ण पीळ शून्यापासूनच हाताशी असतो. तरीही ९,००० फेरे घेणारी जीटी ३ ही ९११ पोर्शेने चालूच ठेवली, आणि तिचे चाहते कमी झाले नाहीत.

दोन्ही जातींचे धोकेही वेगळे आहेत आणि घरातील वडीलधाऱ्यांनी लक्ष द्यायचे ते येथे. भरपूर टॉर्क असलेल्या मोटारीत ओल्या रस्त्यावर, वळणात, पायाचा किंचित दाबही मागची चाके घसरवू शकतो. आवाज वाढून आधी सावध करील, असेही नाही. फेऱ्यांवर जगणाऱ्या मोटारीत चूक वेगळी होते. गडबडीत वरच्या गिअरऐवजी खालचा पडला, तर चाकेच इंजिनाला लाल रेघेपलीकडे फिरवतात. फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारी यंत्रणा फक्त इंधन तोडू शकते. चाकांकडून येणारा जोर तिला अडवता येत नाही. क्षणभराच्या त्या चुकीने इंजिन निकामी होऊ शकते.

म्हणून मुलगा माहितीपत्रकातील अश्वशक्तीचा आकडा वाचून दाखवू लागला, तर वडिलांनी हौस म्हणून तो झटकून टाकू नये आणि मान्यही करू नये. तो आकडा किती फेऱ्यांवर मिळतो आणि कमाल टॉर्क किती फेऱ्यांवर, हे दोन प्रश्न विचारावेत. चाचणीसाठी मोटार हाती आली, की मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांवरून, गिअर न बदलता, ती किती सहज वेग घेते ते पाहावे. मग रोज ती कोण चालवणार, कोणत्या रस्त्यावर आणि पावसाळ्यात किती, हे घरात बसून ठरवावे. एवढे झाल्यावर मुलाला नऊ हजार फेऱ्यांचेच इंजिन हवे असेल, तर ते कसे हाताळायचे हे त्याने आधी कोणा जाणत्याजवळ बसून शिकावे. सही त्यानंतर करावी.