ले-आउटचा उतार

आमच्या ले-आउटचा मंजूर नकाशा मी कपाटात जपून ठेवला आहे. त्यात रस्ते आहेत, कोपऱ्यात हिरव्या रंगाने दाखवलेली ओपन स्पेस आहे, विजेच्या खांबांच्या खुणा आहेत, प्रत्येक प्लॉटचा क्रमांक आणि क्षेत्रफळ आहे. न्हाणीघराचं, मोरीचं आणि संडासाचं पाणी कुठून कुठे जाणार, हे सांगणारी एकही रेघ त्यात नाही. धाराशिवच्या कडेने तुळजापूर रोडच्या अंगाला शेतं मोडून जी वस्ती वाढली, तिथले आणखी काही नकाशे नंतर मी पाहिले. त्यांतही ती रेघ सापडली नाही.

प्लॉट घेतला तेव्हा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि यजमान एस.टी.त होते. तीस बाय पन्नासचा प्लॉट, एन.ए. झालेला, सात-बारा स्वच्छ. माझे दीर बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. त्यांनी कागद तपासून दिले, आणि जोत्याचं काम चालू असताना ते मुद्दाम दोन दिवस येऊन राहिले. सेफ्टी टँकचा खड्डा खणून झाला होता. मिस्त्री म्हणाला, "बाई, तळाला काँक्रीट कशाला घालताव? तळ मोकळा ठिवू. पाणी खालून मुरतंय, टाकी कधी भरायची न्हाई. ह्या लाइनीतल्या समद्या टाक्या मी तशाच बांधल्यात."

दिरांनी त्याला कडेला बसवून सगळं समजावलं. सेफ्टी टँक हे मुरवण्याचं साधन नव्हे. घाण तळाशी बसावी, तेलकट थर वर तरंगावा, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी टी-पाइपातून बाहेर पडावं, एवढंच तिचं काम. बाहेर पडणारं पाणी डोळ्यांना बरं दिसतं, पण त्यात रोगजंतू भरपूर असतात. म्हणून त्याला पुढे शोषखड्डा लागतो, आणि टाकी मात्र तळासकट पक्की लागते. रुंदी किमान पाऊण मीटर, पाण्याची खोली किमान एक मीटर, लांबी रुंदीच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत, आणि दोन-तीन वर्षांनी गाळाचा उपसा. ही मापं आय.एस. 2470 या भारतीय मानकात लिहिलेली आहेत. मिस्त्रीने ऐकून घेतलं आणि आमची टाकी तळाला काँक्रीट घालून, आतून घोटून बांधून दिली. बाकीच्या टाक्या झाल्या तशाच राहिल्या. त्यात त्याचा दोष मी धरत नाही. 'कधी भरणार नाही' अशीच टाकी लोक त्याच्याकडे मागत होते, आणि ती कशी असावी हे तपासायला कुणी येतही नव्हतं.

आमचं घर ले-आउटच्या खालच्या टोकाला आहे. जमीन ओढ्याकडे उतरत जाते आणि तो ओढा पुढे भोगावतीला मिळतो. पहिली काही वर्षं बोअरचं पाणी गोड होतं. नळाचं पाणी आमच्याकडे पोचलं नव्हतं. शहरात ते पार उजनीहून चढवून आणलेलं, तरीही कित्येक दिवसांच्या अंतराने येणारं. त्यामुळे पिण्यापासून भांड्यांपर्यंत सगळी भिस्त बोअरवरच होती. वरच्या बाजूची घरं वाढत गेली, भाडेकरू आले, एका एका प्लॉटवर दोन-दोन मजले चढले. मग एका पावसाळ्यात पाण्याला वास यायला लागला. शेजारच्या घरातलं तान्हं बाळ जुलाबाने दवाखान्यात ठेवावं लागलं.

मी पाण्याची बाटली भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिली. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. आमचं त्याच्या वर निघालं. ई-कोलाय हा जंतू शंभर मिलिलिटर पाण्यात एकही असता कामा नये; आमच्यात तो होता. नायट्रेट पाणी उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. आणि त्याचा धोका सगळ्यांत जास्त कुणाला, तर बाटलीने दूध पिणाऱ्या बाळाला. त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी शेजारच्या सुनेला जाऊन सांगितलं, की बाळाचं दूध टँकरच्या किंवा जारच्या पाण्यातच कालवायचं, बोअरचं पाणी त्याच्या तोंडाला लावायचं नाही.

माझी टाकी पक्की होती, शोषखड्डा व्यवस्थित होता, तरी माझ्या बोअरमध्ये मैला आला. ही गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. आपल्याकडे वर हात-दोन हात माती, मग मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. मुरमात पाणी झपाट्याने मुरतं. कातळात ते मुरत नाही, भेगांतून वाहतं, आणि त्या वाटेत ते गाळलं जात नाही. कुणाच्या टाकीखालची भेग कुणाच्या बोअरला जाऊन मिळते, हे वरून कुणालाच सांगता येत नाही. आमच्या बोअरमध्ये जे येत होतं ते एका घराचं नव्हतं, वरच्या सबंध लाइनीचं होतं.

मग एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन मी आकडेमोड केली. मानक सांगतं की शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान 18 मीटर अंतर हवं. तीस बाय पन्नास फुटांचा प्लॉट मीटरमध्ये साधारण नऊ बाय सव्वापंधरा. बोअर एका कोपऱ्यात घेतला आणि शोषखड्डा त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात, तरी दोन्हींतलं अंतर पावणेअठरा मीटर. म्हणजे घरच नसलेल्या, मोकळ्या प्लॉटवरसुद्धा नियम पाळता येत नाही. शिवाय चारही बाजूंना शेजारी, आणि प्रत्येकाचा बोअर. माणसाने कितीही प्रामाणिकपणे बांधलं, तरी त्या मापाच्या प्लॉटवर हा नियम पाळणं अशक्य आहे. तो पाळला जाऊ शकतो फक्त ले-आउटच्या पातळीवर: नळाचं पाणी द्या आणि पिण्यासाठी बोअर घेऊ देऊ नका, नाहीतर सांडपाणी पाइपने उचलून उताराच्या टोकाला एका जागी शुद्ध करा. हे प्लॉट विकल्यावर ठरवायचं म्हणजे फार उशीर होतो, कारण उताराच्या टोकाची जागासुद्धा तोवर विकली गेलेली असते. आमच्याकडे ती जागा म्हणजे माझंच घर.

हा कागद घेऊन मी कार्यालयांचे उंबरठे झिजवले. एका ठिकाणी सांगितलं, मंजुरी झाली तेव्हा ही जमीन हद्दीबाहेर होती. दुसरीकडे सांगितलं, आता ती आमच्याकडे येते, पण रस्ते आणि गटारं विकसकाने करून द्यायची होती. विकसक म्हणाला, गटार केलेलं आहे. ते खरंही होतं. रस्त्याच्या कडेचं उघडं गटार त्याने बांधलं होतं, आणि ते आमच्या कुंपणाशी येऊन संपत होतं. मंजुरीच्या आदेशात 'गटारे अर्जदाराने स्वखर्चाने करावीत' अशी अट असते. ती कुठपर्यंत न्यायची, त्यात संडासाचं पाणी धरायचं की नाही, आणि शेवटी ते कुठे सोडायचं, यावर आमच्या आदेशात एक शब्द नव्हता. राज्याच्या बहुतेक भागासाठी 2020 च्या डिसेंबरमध्ये एकच एकत्रित विकास नियमावली लागू झाली. चार हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या जागेत दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, हे आता प्लॉट विकणारा दलालसुद्धा तोंडपाठ सांगतो. मोकळी जागा नकाशावर दिसते, तिच्यासाठी कुणीतरी भांडतं. सांडपाण्यासाठी भांडायला त्या वेळी तिथे कुणी राहत नसतं. गुंठेवारीतल्या वस्त्यांचं तर आणखी अवघड. 2001 च्या कायद्याने आणि पुढे 2020 अखेरपर्यंत वाढवलेल्या मुदतीने घरं नियमित होऊ शकतात, पण जिथे दोन घरांतून माणूस तिरका होऊन जातो, तिथे पाइपाला वाट कोण देणार?

आपल्याच जिल्ह्यात याहून मोठी नवी वसाहत उभारल्याचा अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लोहारा आणि उमरगा तालुक्यांत गावंच्या गावं नव्या जागी, रुंद रस्त्यांच्या चौकटीत आखून बसवली. माझी पहिली नेमणूक त्याच भागातली. मोठमोठे प्लॉट, लांबच लांब गटारं, आणि ती साफ ठेवायला ग्रामपंचायतीकडे माणूस नाही आणि पैसाही नाही, हे मी तिथे रोज पाहिलं. बांधणं एकदाच होतं. पुढे सांभाळणार कोण, हे आखणीच्या वेळीच ठरलेलं असावं लागतं.

वाईला माझी बहीण असते. तिच्याकडे गेले तेव्हा दारात मैला उपसणारी गाडी उभी होती. मी विचारलं, टाकी तुंबली का? ती म्हणाली, नाही गं, आमचा नंबर आलाय. वाई आणि सिन्नर या गावांत 2018 च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. टाकी तुंबायची वाट न पाहता नगरपरिषदेने नेमलेली गाडी तीन वर्षांतून एकदा प्रत्येक घरी येते आणि गाळ शुद्धीकरणाच्या जागी नेते. आमच्याकडे गाडी बोलावली की येते, पण रात्री ती कुठल्या ओढ्यात रिकामी होते, हे आम्ही विचारत नव्हतो. आणि गाडीला पैसे पडतात म्हणून माणूस टाकीत उतरवायची भाषाही कानावर आली. संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पुढे ले-आउटमधल्या घरांची बैठक झाली, तिथे मी सगळ्यांसमोर सांगितलं, की आपल्या ले-आउटमध्ये कुणालाही टाकीत उतरवलं, तर पोलिसांत तक्रार मी स्वतः करीन.

ती बैठक, वरच्या लाइनीतल्या टाक्या वर्गणीतून दुरुस्त कराव्यात म्हणून, मारुतीच्या पारावर झाली. वरच्या लाइनीतले एक काका उठून म्हणाले, "आमच्या बोअरला काय बी न्हाई, आमी कशाला खर्च करायचा?" मी त्यांना काही उत्तर दिलं नाही, प्रयोगशाळेचा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांच्या सूनबाईंनी तो वाचला आणि विचारलं, "बाई, बाळ कसंय आता?" बाळ बरं होतं. काकांनी वर्गणी दिली. सगळ्यांनी नाही दिली, अजूनही काही घरं बाकी आहेत. जमलेल्या पैशांतून वरच्या लाइनीतल्या टाक्या उपसून त्यांना तळ घालायचं काम सुरू केलं, आणि मिस्त्री तोच आहे. पिण्यासाठी बोअर बंद, टँकर वाटून घेतो. शहरात भुयारी गटारासाठी रस्ते उकरले गेले. ती पाइप आमच्या नाक्यापर्यंत यावी म्हणून अर्ज दिलेला आहे, पोच माझ्याकडे आहे.

आता आमच्या वरच्या अंगाला, जिथे परवापर्यंत सोयाबीन होतं, तिथे नवं प्लॉटिंग पडलं आहे. मोजणीचे दगड रोवलेत, अंतिम मंजुरी अजून व्हायची आहे. तिथून सुटणारं पाणी आमच्याच दिशेने येणार. म्हणून आम्ही सगळ्यांच्या सह्यांनी हरकत नोंदवली आहे. मागण्या तीनच: उताराच्या टोकाचे दोन प्लॉट न विकता सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी राखून ठेवावेत, पाइपची रेघ आणि तिची पातळी नकाशावर दाखवावी, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी प्रत्येक सेफ्टी टँकमध्ये पाणी भरून ते उतरतं का हे कुणीतरी स्वतः येऊन पाहावं. सुनावणीची तारीख मिळाली आहे. त्या दिवशी दीर सोबत येणार आहेत, आणि मिस्त्रीही येतो म्हणालाय.