पोस्टर वाचणारी आजी

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण सिनेमाचं पोस्टर? फाडफाड वाचते!

मी शाळेत असताना आमच्या कळंबला स्टँडजवळच्या भिंतीवर यवतमाळच्या टॉकीजची पोस्टर्स लागायची. पायऱ्या उतरून चिंतामणीचं दर्शन घ्यायचं आणि परतताना त्या भिंतीसमोर थांबायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. लाल-काळा रंग, हिरोच्या कपाळावर रक्त, म्हणजे 'मारामारीचा'. मधोमध रडवेली बाई आणि कोपऱ्यात सासू, म्हणजे 'घरचा'. तो बघणं कम्पल्सरी! हिरवट उजेड आणि ओघळणारी अक्षरं दिसली की आजी माझे डोळेच झाकायची. नाव वाचता येत नसलं तरी अक्षरांना घाम फुटलाय, हे तिला बरोब्बर कळायचं.

पुढे मास कॉमला गेल्यावर लक्षात आलं, की ही पोस्टर्स तिच्यासारख्यांचा विचार करूनच बनायची. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः रंगवलेलं 'कल्याण खजिना'चं 1924चं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टर्सपैकी एक मानलं जातं. नंतर दिवाकर करकरे आले. ब्रश ठेवून ते पॅलेट नाइफनं रंगाचे जाड, खरबरीत फटकारे मारायचे. 1975च्या 'दीवार'मधल्या अमिताभचा राग संवाद ऐकण्याआधी त्या फटकाऱ्यांतच दिसायचा. गुळगुळीत रंगवला असता तर तो चॉकलेट हिरो वाटला असता, नाही?

आजीची परीक्षा एकदाच चुकली. 2016 साली, 'सैराट'ला.

खरं तर तिला यवतमाळला नेण्यात माझा छुपा अजेंडा होता. कॉलेजातला एक मुलगा मला आवडायचा. जात वेगळी. घरी सांगायची हिंमत नव्हती. म्हटलं, आधी सिनेमा दाखवू, मग हळूच विषय काढू. पोस्टरवरचे दोन कोवळे चेहरे बघून आजीनं निकाल दिला, "पिरेमाचा हाय. गोड असन." झिंगाटवर ती चक्क पायानं ठेका धरत होती!

आणि मग तो शेवट. रक्ताची पावलं उमटवत चालणारं ते लेकरू. पडद्यावर आवाज नाही, टॉकीजमध्ये आवाज नाही.

बाहेर आल्यावर आजी पुन्हा पोस्टरसमोर उभी राहिली. बराच वेळ. "यात कुठंच नोतं वं," एवढंच म्हणाली. एसटीत मी एक शब्द बोलले नाही.

पोस्टरनं फसवलं, असं तेव्हा मलाही वाटलं होतं. आता वाटतं, नागराज मंजुळेंच्या सिनेमाला ते गोड पोस्टरच हवं होतं. शेवटाची चाहूल भिंतीवरच लागली असती, तर किती घरांतली माणसं तिकीट काढून आत बसली असती?

हल्ली आजी माझ्या मोबाइलवर सिनेमा निवडते आणि वैतागते. एकाच सिनेमासाठी नेटफ्लिक्स माझ्या आवडीप्रमाणे मला एक चित्र दाखवतं, दुसऱ्याला दुसरं. तिच्या मते ही शुद्ध लबाडी आहे. भिंत कशी, सगळ्या गावाला एकच!

गेल्या दिवाळीत शेवटी मी त्या मुलाचं सांगून टाकलं. हो, तोच तो. आजीनं फोटो मागितला, चष्मा लावला, पोस्टर वाचायची तशी सावकाश बघत बसली.

"पोरगा चांगला दिसते," ती म्हणाली. "पन त्याच्या घरचे मानसं कुठं हायेत यात?"

मी गॅलरी उघडून त्याच्या आईचा फोटो शोधायला लागले.